बिअरच्या जत्रेत ‘कटिंग’ मागा: इंग्लंडच्या उन्हाळी बिअर महोत्सवाला पहिल्यांदा जाताना

केंब्रिजच्या जीझस ग्रीन या मैदानावर मे महिन्याच्या उत्तरार्धात पांढरे तंबू उभे राहिले, की नवख्या माणसाला तिथे कुणाचं तरी लग्न असावं असं वाटतं. आत मांडव असतोच. फक्त बोहल्याच्या जागी लांबच लांब मांडण्या आणि त्यांवर आडवी निजवलेली बिअरची पिंपं. दोनशेहून जास्त प्रकार, सोमवार ते शनिवार.

बाबा एकदा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन गेलो. ते पीत नाहीत. पाऊण तास चीजच्या टेबलाशी रमले, मग छातीवर बिल्ले लावून धावपळ करणाऱ्या पांढऱ्या दाढीच्या मंडळींकडे बघून म्हणाले, “अरे, हे तर गणपती मंडळ आहे.” अगदी बरोबर ओळखलं. पिंप उचलणारा, ग्लास भरणारा, दारावर उभा राहणारा, पगार कुणालाच नाही. सगळे कार्यकर्ते.

या मंडळाचं नाव कॅम्रा, म्हणजे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’; एल म्हणजे जुन्या इंग्रजी पद्धतीची बिअर. १९७१ साली आयर्लंडमध्ये सुट्टीवर गेलेल्या चार इंग्रज मित्रांनी वैतागून ते काढलं. तेव्हा मोठ्या कंपन्या पिंपातली जिवंत बिअर बंद करून त्या जागी पाश्चराइझ केलेली, गॅस भरलेली केगची बिअर सगळीकडे खपवत होत्या. केंब्रिजचा महोत्सव १९७४ चा, पीटरबरोचा १९७८ चा. ‘ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल’ १९७७ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये सुरू झाला, पुढे बरीच वर्षं ऑलिम्पियात भरला आणि २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला गेला. या तिघांत हाच सगळ्यांत मोठा असे, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तो सुचवला नसता. प्रदर्शनाच्या सिमेंटच्या हॉलमध्ये उन्हाळा कळतच नाही. गवतावरच्या तंबूत जा.

आणि जाण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपली बरीच मंडळी बिअर महोत्सवाला बारला गेल्यासारखी जातात. दारातून आत, पहिला दिसेल तो पाइंट, मग दुसरा, मग तिसरा. दीड तासात जीभ बधिर, पोट टम्म, आणि दोनशे बिअरपैकी तीन चाखलेल्या. इथे तुमची मागणी एकच असली पाहिजे: ‘थर्ड’, म्हणजे एक तृतीयांश पाइंट. पाइंट ५६८ मिलीलिटरचा, हाफ २८४ चा आणि थर्ड सुमारे १८९ चा. टपरीवरची कटिंग म्हणा ना. खालचा सगळा लेख या कटिंगभोवती फिरतो.

दिवस निवडा, आणि तो शनिवार नको

हे नीट समजायचं तर पिंपात काय चालतं ते माहीत हवं. या महोत्सवांतली बहुतेक बिअर ‘कास्क’ असते. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा त्यात यीस्ट जिवंत असतं आणि पिंपातच थोडं आंबणं चालू राहतं. त्यातून जो वायू तयार होतो तेवढेच बुडबुडे. बाहेरून गॅस भरत नाहीत. पिंपं तंबूत काही दिवस आधी येतात आणि मांडणीवर चढवली जातात, कारण ढवळलेला गाळ खाली बसायला वेळ लागतो. मग वरच्या बाजूला खुंटी ठोकून जास्तीचा वायू सोडतात आणि पुढच्या तोंडाला तोटी लावतात. एकदा पिंप उघडलं की बिअर बाहेर येते तशी हवा आत शिरते, आणि साधारण तीन दिवसांत चव उतरू लागते. ताकासारखंच आहे, सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं.

त्यामुळे पहिल्या संध्याकाळी यादी पूर्ण असते, पण काही पिंपं अजून ‘बसलेली’ नसतात. शुक्रवारी संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो. शनिवारी दुपारनंतर यादीतल्या निम्म्या नावांपुढे ‘संपली’ अशी पाटी, आणि जे उरलंय ते का उरलंय याचा विचार करण्याची वेळ. माझं मत: मंगळवार किंवा बुधवारची दुपार. अर्धी रजा टाका. गर्दी कमी असते, कार्यकर्त्यांना बोलायला सवड असते, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी आलेले लोक बिअरसाठीच आलेले असतात.

मे चुकला तर निराश होऊ नका. ऑगस्टच्या उत्तरार्धात पीटरबरोला नेन नदीच्या काठावर मोठा महोत्सव भरतो. तिथे संध्याकाळी बँड असतात, गोंगाट जास्त, वातावरण जत्रेच्या आणखी जवळचं. शिवाय जून-जुलैमध्ये जवळपास प्रत्येक गावात, चर्चच्या आवारात, क्रिकेट क्लबच्या मैदानावर वीस-तीस पिंपांचे छोटे महोत्सव असतात. तारखा, प्रवेशाची वेळ, लहान मुलांना किती वाजेपर्यंत सोडतात, हे दरवर्षी त्या त्या महोत्सवाच्या पानावर बघूनच तिकीट काढा.

एक प्रकार वेगळा आहे, तो ओळखून ठेवा. शहरांतल्या काही नव्या क्राफ्ट महोत्सवांत एकदाच जाडजूड तिकीट घ्यायचं आणि आत हवी तितकी बिअर छोट्या मापात मिळते. तिथे मराठी माणसाचा ‘पैसे वसूल’ हा शत्रू जागा होतो. लग्नाच्या बुफेत आपलं जे होतं तेच, फक्त इथे त्याचा परिणाम गुलाबजामपेक्षा वाईट. पहिल्यांदा जाताना पेल्यागणिक पैसे देण्याचा महोत्सव निवडा. दर वेळी कार्ड टेकवावं लागलं की आपोआप विचार होतो.

निघण्यापूर्वी

पोटभर जेवा. सँडविच कुरतडून नाही, वरण-भात-भाजी असं जेवा. रिकाम्या पोटी दारू रक्तात झपाट्याने चढते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात.

पासपोर्ट किंवा इथलं ड्रायव्हिंग लायसन्स घ्या. कायद्याने वय १८ पुरेसं आहे, पण पंचविशीच्या आतले दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागण्याची इथे पद्धत आहे. आधार कार्ड दाखवून भागेलच असं नाही. महाराष्ट्रातला दारू पिण्याचा परवाना मात्र लागत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेल्या त्या कागदाबद्दल मी एका इंग्रज कार्यकर्त्याला सांगितलं, तर त्याला मी थट्टा करतोय असं वाटलं.

पिशवीत काय? एक सतरंजी, कारण तंबूतल्या खुर्च्या मोजक्या आणि गवत अमाप. पाण्याची बाटली. पेन्सिल; ओल्या हातांनी मोबाइल चालत नाही आणि चौथ्या बिअरनंतर तो शोधावासाही वाटत नाही. टिश्यूचा एक पुडा, कारण फिरत्या स्वच्छतागृहांतले कागद संध्याकाळपर्यंत संपतात. पातळ रेनकोट. छत्री गर्दीत दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. जुने बूट घाला, पाऊस झाला तर मैदानाचा चिखल होतो. गवताच्या परागकणांनी शिंका येत असतील तर ऍलर्जीची गोळी लागेल, पण त्या गोळीवर दारू चालते का ते औषधाच्या दुकानात आधी विचारा. काही गोळ्यांनी आधीच झोप येते.

केंब्रिजला लंडनहून यायचं तर किंग्ज क्रॉसवरून जलद गाडी तासाभराच्या आत पोचवते. स्टेशनपासून मैदान चालत अर्धा-पाऊण तास. जाताना चाला, गाव सुंदर आहे. गाडी घरीच ठेवा, आणि सायकलही. केंब्रिज सायकलींचं गाव आहे म्हणून मोह होतो, पण इथे दारू पिऊन सायकल चालवणं हासुद्धा गुन्हा आहे.

दारात: ग्लास आणि माप

आत शिरताना महोत्सवाचा ग्लास घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी ती अनामत असते. जाताना ग्लास परत केला की पैसे परत, नाहीतर आठवण म्हणून घरी न्या. आमच्या स्वयंपाकघरात असे अकरा आहेत आणि आता त्यांतून पन्हं प्यायलं जातं. ग्लासवर पाइंट, हाफ आणि थर्डच्या रेघा असतात. घेण्यापूर्वी थर्डची रेघ आहे ना ते बघा, कारण काही ठिकाणी दोन प्रकारचे ग्लास ठेवतात.

ग्लास जपून धरा. कुणाच्या हातून पडून फुटला की अख्खा तंबू एकमुखाने आरोळी ठोकतो. बाबा दचकले होते.

यादी वाचायची कशी

दारातच एक पुस्तिका किंवा कागद मिळतो. त्यात ब्रुअरीचं नाव, बिअरचं नाव, टक्केवारी आणि एक-दोन ओळींचं वर्णन असतं. लगेच काउंटरकडे धावू नका. सतरंजी अंथरा, दहा मिनिटं पेन्सिल घेऊन बसा. सहा बिअरवर खूण करा, आणखी तीन राखीव ठेवा, कारण सहांपैकी एखादी संपलेली असणारच.

निवडताना सुपरमार्केटमध्ये मिळणारी नावं आधी खोडा. ती तुम्हाला वर्षभर कुठल्याही पबमध्ये मिळतील. महोत्सवाची खरी मजा अशा ब्रुअरींत असते ज्यांची बिअर त्यांच्या तालुक्याबाहेर फारशी जात नाही. केंब्रिजशायरमध्ये आहात तर विझबीचे एल्गुड्स बघा. नदीकाठची ती ब्रुअरी १७९५ पासूनची. पीटरबरोच्या ओकम ब्रुअरीची ‘जेएचबी’ २००१ साली ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरली होती, ३.८ टक्क्यांची हलकी, सोनेरी, लिंबाच्या सालीच्या वासाची. ही नावं लंडनच्या पबमध्ये दर वेळी भेटत नाहीत.

शैलींची नावं वाचून गोंधळायला होतं, म्हणून आपल्या जिभेने सांगतो. ‘माइल्ड’ म्हणजे गडद, हलकी, किंचित गोडसर; भाजलेल्या पोळीच्या करपलेल्या कडेची चव आठवा. ‘बिटर’ तांबूस, नावाप्रमाणे कडसर, पण कारल्यासारखी नाही. कोऱ्या चहाचा तुरटपणा असतो तसा. ‘गोल्डन एल’ उन्हाळ्यासाठीच जन्मलेली, फिकट आणि फळांच्या वासाची. ‘पोर्टर’ आणि ‘स्टाउट’मध्ये काळं भाजलेलं धान्य असतं, म्हणून कॉफी, कोको, कधी काकवीची झाक. ‘बार्ली वाइन’ला द्राक्षांशी काही देणंघेणं नाही, ती सातूचीच असते, पण आठ-दहा टक्क्यांची आणि मुरलेल्या मुरांब्यासारखी घट्ट.

आयपीए म्हणजे ‘इंडिया पेल एल’. हिचा आणि आपला खरा संबंध आहे, पण तो सांगितला जातो तसा नाही. कुणा एका ब्रुअरने भारतासाठी ही बिअर शोधून काढली, अशी गोष्ट प्रत्येक तंबूत कुणीतरी ऐकवतो. लंडनच्या बो भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी १७५२ पासून होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत त्या ब्लॅकवॉलपासून जवळ. कंपनीचे कप्तान त्याच्याकडून उधारीवर माल भरत आणि मुंबई-मद्रास-कलकत्त्याच्या गोऱ्या लोकांना विकत. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं, जास्त घातली की बिअर उष्ण प्रवासात टिकते, हे इंग्रज ब्रुअरना आधीपासून माहीत होतं. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिने डुचमळत गेलेली बिअर उतरायची तेव्हा चांगली मुरलेली असायची, इतकंच. १८२० च्या दशकात मध्य इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ब्रुअरनी हा बाजार हिसकावला. तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ लागतो. आजच्या आयपीएचा आंबा-पेरू-लिचीचा वास मात्र बहुतेक वेळा अमेरिकन हॉप्सचा असतो. हापूस कुणी घातलेला नसतो.

आधी कोणती, नंतर कोणती

इथे बहुतेकांची चूक होते. माझीही झाली होती. पहिल्याच वर्षी मी सुरुवात नऊ टक्क्यांच्या बार्ली वाइनने केली, कारण वर्णनात मनुका आणि जुनं लाकूड असं काहीतरी लिहिलं होतं. त्यानंतर प्यायलेली प्रत्येक बिअर पाणी लागली. ख्याल ऐकून झाल्यावर कुणी सरगम शिकवावी तसं.

क्रम असा ठेवा: कमी टक्केवारीकडून जास्तीकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. आंबट आणि धुरकट बिअर शेवटी. सुरुवात माइल्डने करा. मे महिन्यात कॅम्रा मुद्दाम माइल्डचा प्रचार करते, कारण ही शैली पबमधून जवळपास नाहीशी होत चालली आहे. महोत्सवात ती भेटते. इथे एक गैरसमज मोडायला हवा, काळी म्हणजे कडक हा. कोकाकोलासारखी काळी माइल्ड ३.४ टक्क्यांची असू शकते आणि शेजारची केशरी, निरागस दिसणारी बेल्जियन पद्धतीची बिअर नऊ टक्क्यांची. रंग धान्य किती भाजलं त्यावरून येतो. दारू किती ते आकड्यातच बघा.

सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, काउंटर लागला तर दुप्पट सावध. इथली खरी सायडर फसफसत नाही, गढूळ असते, सफरचंदाच्या रसासारखी लागते, आणि ऊन तापलेलं असलं की पन्ह्यासारखी घटाघट जाते. टक्केवारी सहा ते आठ. माझा सांगलीचा एक मित्र बिअरच्या सगळ्या परीक्षा पास झाला आणि सायडरच्या दोन ग्लासांवर चितपट पडला.

आता हिशेब, तो सोपा आहे. मिलीलिटर गुणिले टक्केवारी भागिले हजार, म्हणजे ब्रिटिश ‘युनिट’. चार टक्क्यांचा पाइंट सव्वादोन युनिटच्या थोडा वर. तीच बिअर कटिंगमध्ये पाऊण युनिट. दहा टक्क्यांची कटिंग मात्र जवळपास दोन युनिट, म्हणजे छोट्या ग्लासात लपलेला अख्खा पाइंट. साडेचार टक्के सरासरीच्या सहा कटिंग घेतल्या तर साधारण पाच युनिट होतात. इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला आठवड्याला १४ युनिटच्या आत राहण्याचा, तेही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. यकृत तासाला सुमारे एक युनिट निकालात काढतं, लिंबूपाण्याने किंवा काळ्या कॉफीने त्याचा वेग वाढत नाही. म्हणून सहा बिअरसाठी चार-पाच तास हातात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी चालवायची असेल तर तोही हिशेब करा.

आणि हो, राउंड घेऊ नका. पबमध्ये एकाने सगळ्यांसाठी आणायचं ही इंग्रजी रीत चांगली आहे, पण महोत्सवात ती घातक. सगळ्यांत भराभर पिणाऱ्याच्या वेगाने सगळे ओढले जातात. आपला ग्लास, आपलं कार्ड, आपला वेग. त्यापेक्षा चौघांनी चार वेगळ्या कटिंग आणा आणि एकेक घोट फिरवा. उष्टं चालत असेल तर यासारखी युक्ती नाही, सहाच्या जागी चोवीस चवी.

काउंटरवर

रांग दिसत नाही म्हणून गोंधळू नका. रांग असते, ती लोकांच्या डोक्यात असते. तुमच्या आधी कोण आलं ते तुम्हाला आणि तुमच्या नंतर कोण आलं ते त्यांना माहीत असतं. हात हलवू नका, हाक मारू नका, नजरानजर झाली की पुरे. चुकून तुमच्याकडे आधी वळले आणि शेजारचा आधी आलेला असेल तर त्याच्याकडे बोट करा. त्या एका कृतीने तुम्ही इंग्लंडमध्ये दहा वर्षं राहिल्याचा भास होतो.

पिंपावरचं नाव वाचून “अ थर्ड ऑफ धिस वन, प्लीज” एवढं पुरतं. ठरत नसेल तर चव मागा. घोटभर बहुधा आनंदाने देतात, पण गर्दीच्या वेळी एकापाठोपाठ पाच चवी मागणं बरं दिसत नाही. दुपारच्या निवांत वेळेला मात्र “तुम्ही आज काय प्यायलात?” असं विचारून बघा. एकदा एका निवृत्त शिक्षकाने मला मांडणीच्या मागे नेऊन ओल्या गोणपाटाखालचं पिंप, खुंटी, थंड पाण्याच्या नळ्या, सगळं दाखवलं होतं.

बिअर हातात आली की दोन तक्रारी मनात येतील. पहिली, ही गरम आहे. नाही. कास्क बिअर ११ ते १३ अंशांना द्यायची असते, तळघरातल्या माठासारखी गार. बर्फगार केली तर निम्मे वास झोपून राहतात. दुसरी, फेस नाही. पिंपाच्या तोटीतून थेट ग्लासात पडते, मध्ये पंप नसतो, त्यामुळे फेस कमीच.

खरी तक्रार वेगळी असते आणि ती करायला लाजू नका. व्हिनेगरचा आंबट भपकारा, ओल्या पुठ्ठ्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास किंवा नको तितका बटरस्कॉच, यातलं काही आलं तर ग्लास परत न्या आणि शांतपणे “हे असंच असायला हवं का?” असं विचारा. (आधी ती मुद्दामच आंबट केलेल्या शैलीची नाही ना, एवढं यादीत बघा.) कार्यकर्ता स्वतः हुंगेल, बहुधा बदलून देईल, आणि ते पिंपच खराब झालं असेल तर बंदही करेल. शेवटी त्यांचं नाव त्या तंबूला लागलेलं असतं.

शाकाहारी असाल तर हे आधी वाचा

हे मला इथे येऊन तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. कास्क बिअर नितळ करायला बरेच ब्रुअर ‘आयझिंग्लास’ वापरतात. ते माशांच्या वाताशयापासून काढलेलं प्रथिन आहे. पिंपात घातलं की ते यीस्टच्या कणांना चिकटतं आणि त्यांना घेऊन तळाशी बसतं. ग्लासात त्यातलं जवळजवळ काही उतरत नाही, पण वापर झालेला असतो. काहींना याने फरक पडत नाही, माझ्या बायकोला पडतो. यादीत ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ असं लिहिलेलं असेल तर ती बिअर घ्या. ती किंचित गढूळ दिसू शकते, तो दोष नाही. नसेल लिहिलं तर विचारा, हा प्रश्न त्यांना रोजचा आहे. ‘मिल्क स्टाउट’मध्ये दुधातली साखर असते, दूध न पचणाऱ्यांनी टाळावी. ‘ऑयस्टर स्टाउट’मध्ये कधी कधी खरोखर कालवं घातलेली असतात. गहू-सातू न चालणाऱ्यांसाठी ‘ग्लुटेन-फ्री’ वेगळी लिहिलेली असते.

चीजच्या टेबलावरही हाच प्रश्न. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट असतं, म्हणून शाकाहारी कोणतं ते विचारून घ्या. एकदा खात्री पटली की मग ब्रेडबरोबर एक कडक चेडर आणि शेजारी बिटर. बाबांना आवडलेलं चीज आम्ही घरी नेलं आणि त्यांनी ते दोन दिवस पोळीबरोबर खाल्लं.

मधल्या वेळात

दर कटिंगमागे तेवढंच पाणी. पाणी काउंटरवर फुकट मिळतं, त्याच पाण्याने ग्लास खळबळून घ्या म्हणजे पुढच्या बिअरमध्ये आधीचीचा वास राहत नाही. दोन बिअर झाल्या की खा. घरून चिवडा-चकली नेता येईल का ते महोत्सवाच्या नियमांत बघा. पाणी सोडून बाहेरचं पेय बहुधा चालत नाही. भाजणीची चकली आणि पेल एल ही जोडी शेंगदाण्यांपेक्षा कितीतरी सरस, हे माझं ठाम मत.

पेन्सिलने प्रत्येक नावापुढे दोन शब्द लिहा. ‘कैरी’, ‘करपलं’, ‘पुन्हा घ्यायची’. तारे देऊ नका, दुसऱ्या दिवशी ताऱ्यांवरून काही आठवत नाही.

शेजारच्या सतरंजीवरच्या लोकांशी गप्पा होतातच. कुणी हसत म्हणेल, इतक्या बिअरने मी ‘डूलाली’ झालो. म्हणजे वेडा. तेव्हा त्याला सांगा की तो शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे शिपाई घरी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून असत आणि कंटाळून त्यांचं डोकं फिरे. त्यांच्या तोंडी त्याला ‘डूलाली टॅप’ म्हणत, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने हेच नाव घेतलं. ही गोष्ट सांगितल्यावर मला आजवर दोन कटिंग फुकट मिळाल्या आहेत.

निघताना

सहा झाल्या की थांबा. राखीव तीन पुढच्या वर्षी. ग्लासची अनामत घ्यायची असेल तर शेवटच्या घंटेआधी अर्धा तास निघा, नंतर तिथे मोठी रांग लागते. अंधारात जीझस ग्रीनवरून जाताना नदीच्या बाजूने जाऊ नका, दिव्यांचा मधला रस्ता धरा. कॅम नदीला सगळीकडे कठडा नाही. कुणी जास्त झालेला दिसला तर त्याला एकटा सोडू नका, कार्यकर्त्यांना सांगा.

परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून ठेवा, शेवटची नव्हे तर तिच्या आधीची. मी तेव्हा ईलीला राहत होतो, केंब्रिजहून पंधरा-वीस मिनिटांवर. गाडीत खिडकीशी बसलो, ग्लास मांडीवर, यादी हातात, आणि डोळे मिटले. जाग आली ती किंग्ज लिनला. तिथे मार्गच संपतो, म्हणून बरं. उलट्या दिशेची गाडी येईपर्यंत थंड फलाटावर बसून मी माझ्याच पेन्सिलीतल्या नोंदी वाचत होतो आणि पाचव्या बिअरपुढे ‘आजीचं’ असं का लिहिलंय ते आठवत होतो. तेव्हापासून गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावतो, कंपनावर, आणि मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवतो.